उभ्याने शिकलेला डाव

पुंजाजी मनवर यांना बुद्धिबळ उभ्याने आलं. बसून खेळायचा खेळ उभ्याने शिकलेला माणूस वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही कुठल्यातरी कचेरीतला शिपाईच निघेल.

पुंजाजींची नोकरी वाशीमच्या एका सरकारी कचेरीत झाली. चौतीस वर्षं. दुपारी दोनला डबे उघडायचे, सव्वादोनला मिटायचे आणि कपाटातल्या जुन्या फायलींच्या मागून बुद्धिबळाचा पट बाहेर यायचा. टेबल हेडक्लार्क पंजाबराव गावंडे यांचं. वऱ्हाडात हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात, आणि पंजाबरावांना ते नाव अंगावर शिवून घेतल्यासारखं बसलं होतं. त्यांच्यासमोर आवक-जावक पाहणारे गुलाबसिंग राठोड. टेबलाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दार. पुंजाजी उभे राहायचे ते दाराच्या बाजूला, कारण साहेबांच्या खोलीतली घंटी तिथूनच ऐकू यायची. एक घंटी म्हणजे पाणी, दोन म्हणजे बडेबाबूंना बोलावणं, आणि साहेबांनी बोट दाबूनच धरलं तर कोणाची तरी कंबख्ती भरली. पुंजाजींना घंटीवरून साहेबांचा रक्तदाबसुद्धा कळायचा.

तर असा तो पट त्यांनी चौतीस वर्षं पाहिला, पण आडवा. डाव्या हाताला बडेबाबू, उजव्या हाताला गुलाबसिंग. बडेबाबूंची प्यादी डावीकडून उजवीकडे जायची, गुलाबसिंगांची उजवीकडून डावीकडे. घोडा अडीच घरं कसा जातो, उंट तिरपा कसा पळतो, सगळं त्यांना पाठ झालं. कधीकधी बडेबाबूंच्या आधी त्यांना चाल दिसायची. पण हातात चहाची किटली असलेल्या माणसाला चाल दिसली काय आणि न दिसली काय. ते बोलायचे नाहीत. एकदाच, नोकरीच्या सुरवातीला, तोंडून निघालं होतं, "बडेबाबू, हत्ती जाते." हत्ती गेलाच. त्या दिवशी बडेबाबूंना चहा थंड लागला, आणि पुंजाजींना जे समजायचं ते समजलं.

त्या टेबलाचा एक कायदा होता. कोण्या जुन्या क्लार्कने घालून दिलेला आणि पुढे कोणी मोडला नाही असा. हरणाऱ्याने हरावं, त्याचं काही नाही. पण प्याद्याने मात झाली तर हरणाऱ्याने उठून जिंकणाऱ्याला चहा द्यायचा. वजिराने मारलं तर ती लढाई, प्याद्याने मारलं तर ती बेइज्जती, असा हिशेब. चौतीस वर्षांत हे एकदाच घडलं. गुलाबसिंगांवर ती पाळी आली आणि कचेरी आठवडाभर हसली. चहा त्या दिवशीही कँटीनमधून पुंजाजींनीच आणला. दारापासून टेबलापर्यंतची चार पावलं तेवढी गुलाबसिंग कप घेऊन चालले.

पुंजाजी निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीत निरोप समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, एक टेबलफॅन झाला. साहेबांनी दोन शब्द म्हणून पंधरा मिनिटं घेतली. मग चिवड्याच्या प्लेटी फिरत असताना बडेबाबूंना लहर आली.

"अरे, आज पुंजाजीले खेळू द्या ना! चौतीस वर्षं पाहून राह्यला बिचारा."

गुलाबसिंग उठले, खुर्ची मोकळी झाली. पुंजाजी शाल सावरत बसले. आणि बसल्याबरोबर पट बदलला. इतकी वर्षं शेजारी शेजारी दिसणाऱ्या रांगा आता समोरून अंगावर येत होत्या. ओळखीच्या गावात रात्रीचं दुसऱ्या वाटेने शिरल्यावर होतं, तसं काहीतरी झालं. तरी त्यांनी पाच चाली रेटल्या. सहाव्या चालीला प्यादं उचललं आणि सवयीने सरळ डावीकडे, शेजारच्या घरात नेऊन ठेवलं.

"पुंजाजी!" बडेबाबू ओरडले. "प्यादं हाय थे, खेकडा नाही!"

कचेरी हसली. साहेब हसले. गुलाबसिंगांच्या तोंडातला चिवडा बाहेर आला. पुंजाजीही हसले, कारण त्या क्षणी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अकराव्या चालीला मात झाली. मग बडेबाबूंनी आळस दिला आणि म्हणाले, "चाल, आता तुह्या हातचा शेवटचा चहा पाज बापा."

आणि पुंजाजी उठले. खांद्यावर शाल तशीच होती, कपाळावर कुंकवाऐवजी लावलेला अष्टगंध तसाच होता, आणि स्वतःच्या निरोपाचा चहा त्यांनी सगळ्यांना स्वतः वाटला. बडेबाबूंच्या मनात काही वाईट नव्हतं, हे पुंजाजींनाही माहीत होतं. तेच तर जास्त लागलं. लाज त्यांना तिथेच वाटली. राग यायला इंझोरीची बस मानोरा फाटा ओलांडेपर्यंत वेळ लागला.

इंझोरीला घर होतं, तीन एकर शेत होतं, त्यात सोयाबीन आणि तूर होती, आणि हे सगळं इतकी वर्षं एकटीने सांभाळणारी बायको भागिरथा होती. मुलगा उत्कर्ष कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सून मंजुषा घरी शिलाईमशीन चालवायची. गावातले निम्मे ब्लाऊज तिच्या हाताखालून जायचे. नवरा निवृत्त होऊन घरी आला की बायकांना जो एक नवा उद्योग लागतो, तो भागिरथेला लागला. महिन्याभरात पुंजाजींनी कारंज्याच्या बसस्टँडसमोरच्या दुकानातून प्लॅस्टिकचा एक बुद्धिबळाचा डबा आणला. घरी येऊन उघडला तर एक काळा हत्ती गायब. मंजुषाने त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ दिलं, आणि ते रीळ पुढे तीन वर्षं इमानाने हत्तीची नोकरी करत राहिलं.

पुंजाजी पट खाटेवर मांडत, आणि बाजूला उभे राहून दोन्हीकडून स्वतःच खेळत.

"अवो, बसा ना," भागिरथा म्हणायची. "कायले उभे हा? घरात कोनी साहेब आला का?"

"बसलो का दिसत नाही मले."

भागिरथेला वाटलं, डोळे गेले. तिने मोतीबिंदूच्या शिबिराची चौकशीसुद्धा केली. पण मंजुषा दोन दिवस मशीनवरून मान वर करून पाहत होती. ती वाशीमच्या शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत खेळलेली, हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. लग्न ठरवताना स्वयंपाक येतो का एवढंच विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी ती उठली, पट नीट फिरवला आणि समोर बसली.

"मामाजी, बसा इथं. समोर. अना आता हे प्यादं चालवा."

पुंजाजींनी चालवलं. सरळ. पण चालवण्याआधी त्यांची मान उजवीकडे झुकली होती, हे तिला दिसलं.

"तुमाले खेळ येते, पन आडवा येते," मंजुषा म्हणाली. "आता उभा शिका लागन."

शिकलेलं विसरणं हे शिकण्याहून अवघड, असं म्हणतात. पुंजाजींच्या बाबतीत ते अक्षरशः खरं निघालं. पहिले सहा महिने ते रोज हरले. ब्लाऊज कमी असले की दिवसातून दोनदा हरले. सुरवातीला त्यांचा वजीर तिसऱ्याच चालीला बाहेर पडायचा, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मंजुषा आपले घोडे-प्यादी पुढे सारून त्याला इकडून तिकडे पळवायची आणि शेवटी खायची. फुकटचं काही दिसलं की पुंजाजी ते खायचेच. फुकट ते पौष्टिक, हा त्यांचा सगळा डावपेच. मंजुषा एक प्यादं उघडं ठेवायची, पुंजाजींचा घोडा ते खायला जायचा आणि परत यायचा नाही.

"काहून फुकट हाय, हे विचारा ना आधी," ती म्हणायची.

"विचारलं तं सांगते कोन?"

मध्ये तर असं झालं की जेवढं जास्त कळायला लागलं तेवढा खेळ बिघडला. आधी निदान पट्कन हरायचे. आता अर्धा तास विचार करून हरायला लागले. दोन महिने ते मंजुषापुढे बसलेच नाहीत. पट डब्यात, डबा खाटेखाली. तुरीवर अळी पडली होती, तेवढं निमित्त पुरलं. भागिरथेला बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. शेतातून आलेला माणूस जेवून भिंतीकडे पाहत बसतो, हे बघणं काही सोपं नव्हतं.

शेवटी तिनेच सुनेला सांगितलं, "मंजुषा, त्याइले काहीतरी कर माय. फॅन लावून बसते अना फॅनकडंच पाह्यते."

मंजुषाने पट मांडला. पुंजाजी आले, बसले, खेळले, घोडा गमावला.

"मामाजी," ती म्हणाली, "ऑफिसात घंटी वाजे तं तुमी काय करा?"

"जाओ मी."

"पन जायच्या आधी? कोनाले काय पाह्यजे, हे समजे ना तुमाले? पानी का चहा का बडेबाबू?"

"समजे. एक घंटी..."

"मंग झालं तं! मी मोहरा हालवला का घंटी वाजली समजा. याले काय पाह्यजे? काहून वाजवली? थे समजल्याशिवाय हात वर करू नका. हात मांडीखाली."

 इतकी साधी गोष्ट. ज्या कामात जन्म गेला तेच काम इथेही होतं आणि त्यांनी ते दारातच ठेवून दिलं होतं. त्या दिवसापासून ते हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. मंजुषाचा उंट हलला की ओठातल्या ओठात म्हणायचे, "घंटी." मग विचार. बसून दिसायचं नाही असं ते ज्याला म्हणत होते ते हळूहळू दिसायला लागलं. काही दिवस दिसायचं, काही दिवस नाही. खेळ काही जिन्याच्या पायऱ्यांसारखा वर गेला नाही. आमच्याकडच्या रस्त्यासारखा, चार फर्लांग डांबर आणि मग खड्डा, असाच गेला. पण गेला.

सव्वा वर्षाने त्यांनी सुनेला पहिल्यांदा हरवलं. मंजुषाने मुद्दाम सोडलं नव्हतं. हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. त्या संध्याकाळी ठेचा असा तिखट झाला होता की उत्कर्षने दोन तांबे पाणी प्यायलं. तिसऱ्या वर्षी दहातले चार-पाच डाव पुंजाजी घ्यायला लागले. गावात इतरांना कळलं, दोघं-तिघं खेळायला आले आणि हरून गेले. पुंजाजींना त्याचं काही फार वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात माणूस एकच होता.

पंजाबरावही एव्हाना निवृत्त झाले होते आणि कारंज्याला स्वतःच्या घरी राहत होते. इंझोरीहून कारंजा काही सातासमुद्रापलीकडे नाही. एसटीने गेलं तर खाल्लेलं पान थुंकायच्या आत येतं. तरी पुंजाजी तीन वर्षांत एकदाही गेले नाहीत. आणखी थोडं जमू दे, मग जाऊ, असं चाललं होतं. आणि दिवाळी झाल्यावर गुलाबसिंगांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बडेबाबू चालले बरं पुन्याले. पोराजवळ. घर विकलं. येत्या सोमवारी गाडी भरून राह्यले."

त्या दिवशी शुक्रवार होता. पुंजाजींनी फोन ठेवला. पंजाबराव पुण्याला गेले की संपलं. मग पुंजाजी मनवर म्हणजे निरोपाच्या दिवशी प्यादं आडवं चालवणारा माणूस, एवढंच त्या कचेरीच्या आठवणीत उरणार. ते पुसायचं तर एकच डाव, एकच दिवस. घोडामैदान इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी कापडी पिशवीत पट घेतला. भागिरथेने बांधावरची सीताफळं दुसऱ्या पिशवीत भरली.

"अना हरले तं?" तिने विचारलं.

"हरलो तं हरलो. पन नीट बसून हरीन."

मंजुषा मशीनवरून म्हणाली, "मामाजी, फुकट दिसलं तं?"

"काहून फुकट, इचारीन."

पंजाबरावांच्या घरात खोकीच खोकी होती. भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन. विजयमालाबाई, म्हणजे पंजाबरावांच्या पत्नी, शेजारपाजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. पंजाबराव एकटेच एका खाटेवर बसून रेडिओची वायर गुंडाळत होते. पुंजाजींना पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. तो काही खोटा नव्हता.

"अरे, पुंजाजी! ये, ये. किती दिवसांनं! सीताफळं आनली का? बरं केलं. बस. बाई घरी नाही, नाहीतं चहा पाजला असता तुले." मग त्यांना सुचलं. "तूच टाक ना दोन कप. तुले सारं माहीतच हाय."

"टाकू ना," पुंजाजी म्हणाले. "आधी एक डाव खेळू बडेबाबू. मंग पाहू चहाचं."

पंजाबराव पिशवीकडे पाहत राहिले आणि मोठ्याने हसले. "खेकड्याचा राग अजून हाय का तुह्या मनात?"

"राग नाही. डाव हाय."

पुंजाजी समोरच्या खाटेवर बसले, मधे एक खोकं ठेवलं, त्यावर पट. पुंजाजींनी पांढरे घेतले. रिळाचा हत्ती पाहून पंजाबरावांनी आणखी थोडं हसून घेतलं. पहिल्या दहा चाली ते वायरही गुंडाळत होते. अकरावी चाल आली आणि गेली. मात झाली नाही. पंजाबरावांनी वायर बाजूला ठेवली. पंधराव्या चालीला चष्मा लावला. त्यांनी पुंजाजींचा एक उंट खाल्ला, सरळ, चांगल्या चालीने.  पुंजाजींनी मांडीखालचे हात आणखी खाली सारले. घंटी, ते मनात म्हणाले. याले काय पाह्यजे?

खेळ लांबला. पंजाबरावांचा काळा राजा शह चुकवता चुकवता कोपऱ्यात जाऊन बसला होता. त्याच्यापुढची प्यादी केव्हाच गेली होती. पंजाबरावांचा वजीर मात्र खाली उतरून पुंजाजींच्या राजाच्या आसपास घिरट्या घालत होता, आणि दोन चाली मिळाल्या तर तो मात करणार, हे पुंजाजींना दिसत होतं. त्यांनी आपला घोडा पुढे टाकला. त्यावर पंजाबरावांनी आपला हत्ती, रिळाचा हत्ती, बरोबर त्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला आणि मागे टेकले.

हत्ती उघडा होता. फुकट होता. पुंजाजींचा उजवा हात मांडीखालून निघालाच. आणि थांबला. काहून फुकट? घोडा हत्ती खायला गेला की वजीर राजाला गाठणार आणि संपलं. हे कळलं. पण मग काय करायचं, ते कळेना. डोळे त्या रिळावरून हलेनात. समोरून पट पुन्हा अंगावर यायला लागला, तीन वर्षांपूर्वीसारखा.  त्यांना वाटलं, झालं, आता हरतो.

आणि पुंजाजी उठले. ते ठरवून उठले नाहीत, पाय उठले. खोक्याच्या बाजूला, दाराच्या अंगाला, जाऊन उभे राहिले.

"काहून उठला?" पंजाबराव म्हणाले. "चहा टाकून राह्यला का?"

"नाही. पाहून राह्यलो."

डाव्या हाताला पंजाबराव हवे होते. आज तिथे पुंजाजींची स्वतःची रिकामी जागा होती. बाकी सगळं तेच. आणि इथून पाहिल्यावर ते रीळ कुठेतरी मागे गेलं आणि अगदी जवळ, एकामागे एक, तीन मोहरे एका ओळीत उभे दिसले: कडेचं प्यादं, त्याच्या पलीकडे दुसरं प्यादं, त्याच्या पलीकडे घोडा. बाकावर बसून साहेबांच्या खोलीत शिरायची वाट पाहणारी तीन माणसं. राजा कोपऱ्यात. घोड्याने राजाची पळायची दोन्ही घरं धरलेली. मधल्या प्याद्याने एक पाऊल टाकलं की राजाला शह, आणि त्या प्याद्याला खावं तर कडेचं प्यादं त्याच्या पाठीशी. पंजाबरावांनी हे पाहिलंच नव्हतं. प्याद्यांकडे पाहायची त्यांना कधी सवयच नव्हती.

पुंजाजी परत आपल्या जागी येऊन बसले. एकदा पुन्हा समोरून तपासलं. मग मधलं प्यादं उचललं आणि सरळ, एक घर पुढे ठेवलं.

"शह," ते म्हणाले. आवाज अगदीच बारीक निघाला.

पंजाबरावांनी राजाला हात लावला, काढला. पुन्हा लावला. वजिराकडे पाहिलं, तो लांब होता. चष्मा पुसला. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, तिच्या किका मोजता येतील इतका वेळ गेला. मग ते त्या प्याद्याकडे पाहत म्हणाले, "मात हाय हे."

"हो."

"प्याद्यानं."

 खेकड्याचं उत्तर पुंजाजींनी तीन वर्षं तोंडात घोळवून ठेवलं होतं. बसमध्येही एकदा म्हणून पाहिलं होतं. आता ते बाहेर काढावंसं वाटेना.  पंजाबरावांनीही काहीतरी विनोद शोधला असावा, सापडला नाही. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आत खोकी उघडल्याचा आवाज आला. भांडं पडलं. लायटर चार वेळा वाजला, पाचव्यांदा गॅस पेटला. इकडे पुंजाजींचे पाय आपोआप मागे ओढले गेले, उठायच्या तयारीत. आत कोणी चहा करतंय आणि आपण बाहेर बसलोय, हे त्या पायांना माहीत नव्हतं. पुंजाजींनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. त्या दिवशीची सगळ्यांत अवघड चाल ती होती, आणि ती पटावर नव्हती.

पंजाबराव स्टीलचा गिलास फडक्यात धरून आले. कप खोक्यात गेले असणार. दारापासून खाटेपर्यंत ते जपून चालले, चहा हिंदकळू नये म्हणून नजर गिलासावर. पुंजाजींसमोर येऊन उभे राहिले.

"घ्या, पुंजाजी," ते म्हणाले.

पुंजाजींनी बसूनच घेतला.

संध्याकाळी ते इंझोरीला उतरले तेव्हा भागिरथा ओसरीवरच होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावरून काही कळेना.

"काय झालं? हरले का?"

पुंजाजींनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. "बडेबाबूले चहा करता येत नाही," ते म्हणाले. "पत्ती करपली होती. अना साखर टाकालेच विसरले."

"हे काय उत्तर झालं का?" भागिरथा म्हणाली. पण आत मशीनचं चाक थांबलं. कचेरीतला प्याद्याचा आणि चहाचा कायदा पुंजाजींकडूनच ऐकलेली मंजुषा हातातला ब्लाऊज तसाच घेऊन दारात आली.

"मामाजी, चहा त्याइनं केला? म्हंजे प्याद्यानं?"

त्यांनी मान हलवली. मंजुषाने हातातलं काम बाजूला टाकलं. "कोनतं प्यादं? दाखवा."

खुंटीची पिशवी पुन्हा खाली आली. खाटेवर पट मांडला गेला. राजा कोपऱ्यात, वजीर खाली, रीळ उघड्यावर. पुंजाजी मोहरे ठेवत होते, मंजुषा समोर बसून चाल ओळखायचा प्रयत्न करत होती. भागिरथा आत जाऊन ताटलीत चहाचे कप घेऊन आली आणि ती ताटली हातात धरून खाटेच्या बाजूला उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती अशीच कुठेतरी बाजूला उभी होती, आणि ते पुंजाजींना आज दिसलं.

"उभी कायले हाय?" ते म्हणाले. "बस."

"बसून काय करू? मले काय समजते त्यातलं?"

"मलेबी नव्हतं समजत," पुंजाजी म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली ताटली घेतली आणि खाटेवर तिच्यासाठी सरकून जागा केली.